आई तिसरीच्या वर्गात

पोर्ट-ओ-प्रिन्स, २४ नोव्हेंबर

ओदनेर,

हसू नकोस, पण आई शाळेत जायला लागली.

त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि थेट तिसरीत. जिने जन्मात पाटी हातात धरली नाही तिला पहिली-दुसरी माफ झाली, असं विदलिन म्हणते. विदलिन आता बारा वर्षांची आहे. तू गेलास तेव्हा तुझ्या चपला घालून अंगणभर फटक फटक फिरायची, तीच माझी लेक. तिने आजीला वर्गाची मॉनिटर नेमलंय, कारण आईने, सगळ्यांच्या मां तिल्याने, नुसतं खाकरलं तरी वर्गातली दाढीवाली माणसंसुद्धा गप्प होतात. तुला तो आवाज आठवत असेलच.

म्हणजे झालंय असं, की आम्ही सगळेच शाळेत राहायला आलोय. शाळा बंदच होती, फाटक कुणीतरी उघडलं आणि लोक आत शिरले. प्रत्येक वर्गात पाच-सहा कुटुंबं. आम्ही तिसरीत. आईने फळ्याखालची खिडकीजवळची जागा पटकावली. दोन बाक जोडले की तिची कॉट होते. ती म्हणते, "इतकी वर्षं तुमच्या शाळेसाठी राबले, कुणीतरी मला आत बोलावायला हवंच होतं."

वस्ती आम्ही गुरुवारी दुपारी सोडली. गोळ्यांचे आवाज आदल्या आठवड्यापासून येतच होते. पण ते ऐकत ऐकत आपण भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो, ते तुला वेगळं काय सांगायचं. गुरुवारी कोळसेवाल्या फिफीचं घर पेटलं. मग निघालो.

घरातून कोणी काय उचललं ते ऐक. आईने सुपाचा मोठा टोप डोक्यावर घेतला आणि टोपात जिवंत कोंबडी. कोंबडी सबंध उतारभर आतून टोपाला चोची मारत होती, टण टण टण, पाद्र्याच्या घंटेसारखी. विदलिनने दप्तर घेतलं आणि चपला विसरली. मी शिवणाचं मशीन घेतलं. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत आणलं, पुढे हात चालेनात. तिथेच भिंतीला लावून ठेवलं आणि वर माझा डोक्याचा रुमाल घातला, धूळ बसू नये म्हणून. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

घर ठीक आहे. कुलूप लावून आलोय.

आपल्या चर्चमधल्या सिस्टर आनिएसची बदली तुझ्या सांतियागोला झाली. हे पत्र तिच्याबरोबर देतेय. तुझा पत्ता तीन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या कार्डावर होता. तुझा फोन बंद लागतो. बाबा गेले त्या आठवड्यानंतर तो कधी लागलाच नाही. बाबांना माती द्यायला चिलीहून निघालास तर परत आत घेणार नाहीत, तुझे कागद झालेले नाहीत, हे मला कळत होतं. मी आईला समजावलंही. पण तिने फोनवर तुला काय सांगितलं ते मी शेजारीच उभी राहून ऐकलं. "माझ्या पोटी एकच लेकरू आलं," असं आई म्हणते तेव्हा त्यावर दुसऱ्याने काय बोलायचं?

तिला माहीत नाही मी लिहितेय. तिला वाटतंय मी विदलिनचा गृहपाठ तपासतेय.

तुझी बहीण,
गेर्दा


१५ डिसेंबर

ओदनेर,

कोंबडी गेली. सकाळी उठलो तर दोरी होती, कोंबडी नव्हती. वास कुणाला आला नाही, आवाज कुणी ऐकला नाही. आई दोन दिवस वर्गातल्या एकेकासमोर उभी राहून "तोंड उघड" म्हणत होती आणि वास घेत होती. सगळ्यांनी मुकाट्याने तोंडं उघडली. चौथीच्या वर्गात जाऊन तिकडच्या लोकांचेही वास घेऊन आली. शेवटी जाहीर केलं की कोंबडी पळाली, शहाणी होती, तिला शाळा मानवली नाही.

इथे रोज काहीतरी नवीन शिकायला मिळतं. पाण्याची रांग असते तिच्यात माणसं उभी राहत नाहीत, बादल्या उभ्या राहतात. प्रत्येक बादलीला नाव असतं. आमच्या बादलीवर विदलिनने खडूने आजीचं नाव लिहिलं, म्हणून ती कुणी सरकवत नाही. अंघोळ करायची तर प्रयोगशाळेत, चादरीमागे. तिथे एक माणसाचा सापळा टांगलेला आहे, प्लॅस्टिकचा. आई त्याच्याकडे पाठ करून अंघोळ करते. म्हणते, "मेला असला तरी पुरुष आहे."

विदलिन तिला अक्षरं शिकवते. भिंतीवर चित्रांचा तक्ता आहे, अननसापासून सुरू होणारा. आईला चित्रं पाठ झाली, अक्षरं होत नाहीत. एकच ओळखते. ओ. त्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "हे तोंड उघडून रडतंय." विदलिन म्हणाली, "आजी, ओने सुरू होणारं नाव सांग." आई म्हणाली, "आजची शाळा सुटली," आणि उठून बादली बघायला गेली.

आता खरी बातमी. आईला जोडीदारीण मिळाली आहे भांडायला. मादाम लोर्मे, दक्षिणेकडची, आमच्यासमोरच्या बाकांवर राहते. गोरी-गोमटी, जाड, नवरा कधीच वारलेला, एकेकाळी खाणावळ चालवायची. पहिल्या जानेवारीच्या, स्वातंत्र्यदिनाच्या भोपळ्याच्या सुपावरून दोघींची रोज जुंपते. आत्तापासून! भोपळा कुठे आहे याचा पत्ता नाही, पण त्यात काय घालायचं यावर रोज सकाळी लढाई.

"मी शेवया घालते," मादाम लोर्मे म्हणाली. "आणि सलगम."

"शेवया म्हणजे सुपातला केर," आई म्हणाली. "तुमच्याकडे कुणाला दात नसतील, म्हणून मऊ मऊ घालता."

"अगं तिल्या, तुझ्या सुपात म्हणे चमचा उभा राहतो. ते सूप की सिमेंट?"

"सिमेंटच. माझा नवरा गवंडी होता."

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं आणि मग बाबांची आठवण आली. बाबा आणि सूप म्हटलं की पहिला वाडगा. तुला आठवतो ना? वर्षभरात घरच्यांचं ज्याच्याशी भांडण झालं असेल, त्याच्या घरी पहिला वाडगा. मग आपण जेवायचं. मला आणि तुला वाटायचं सगळ्या हैतीत असंच करतात. शाळेत गेल्यावर कळलं की ही फक्त आपल्या बाबांची खोड होती. एके वर्षी क्लेर्सिनाकडे पाठवलं होतं आपल्याला, ती कोपऱ्यावर केळ्याची भजी तळायची तिच्याकडे. तिच्या धाकट्या विलगेन्सने दारातच अर्धा वाडगा पिऊन टाकला होता आणि तू त्याला बदडलं होतंस.

शाळेचे संचालक काल येऊन गेले. भले गृहस्थ आहेत, आवाज चढवला नाही. सुट्टीनंतर वर्ग भरवायचे आहेत, पोरांचं वर्ष बुडतंय, जानेवारी संपेपर्यंत सगळ्यांनी दुसरीकडे सोय बघावी, असं म्हणाले. विदलिनचं वर्षही बुडतंयच, तेव्हा मला त्यांचं पटलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आई सगळं ऐकत होती. ते गेल्यावर मला विचारलं, "गेर्दा, ह्या शाळेला पहिल्यापासून बाक आहेत ना गं? मग आम्हालाच कुणी का बसू दिलं नाही?"

मी म्हटलं, "तुझी मुलं बसली की."

"हो," ती म्हणाली. "एक तर शिकून इतकं लांब गेलं की दिसत नाही."

बाबांनंतर तिने तुझा एवढासा तरी उल्लेख केला, म्हणून लिहिलं.

गेर्दा


४ जानेवारी

ओदनेर,

सूप झालं. ते आधी सांगते, मग दुसरं.

भोपळा फिफीने आणला, डोंगराकडच्या बायकांकडून, एवढा मोठा की पाळण्यात निजवावा. तिचं घर जळालं, पण धंदा चालू आहे. ती अजूनही कोळसा घेऊन वर-खाली करते, वस्ती बळकावून बसलेल्या बंदूकवाल्यांनाही चुलीला कोळसा लागतोच. प्रत्येक कुटुंबाने काहीतरी दिलं. कुणी गाजर, कुणी अर्धा कोबी, कुणी नुसतंच मीठ. हाडं मादाम लोर्मेच्या भावाने आणली. कुठून, ते आम्ही विचारलं नाही. टोप आपला.

चूल शाळेच्या अंगणात, झेंड्याच्या खांबाजवळ. आईने सांगितलं, "मिरची अख्खी सोडायची. फुटली तर बघा." मादाम लोर्मेने हळूच शेवया टाकायला डाव घातला आणि मिरची फुटली! काय सांगू तुला. पोरांची नाकं वाहायला लागली, मोठ्यांच्या डोळ्यांतून पाणी, एक म्हातारबाबा उचक्या देत देत दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आले. सगळे रडत होते आणि सगळे हसत होते. इतक्या दिवसांत लोकांना रडायला बरं निमित्त मिळालं.

आधी पहिल्या वाडग्याचं सांगायला हवं होतं. आईने बाबांची ती रीत वर्गात सगळ्यांना सांगून ठेवली होती. त्यामुळे पहिला वाडगा कुणाला हे ठरलेलंच. मादाम लोर्मेने केस विंचरले, कानात घातलं, बाकावर ताठ बसली. आईने वाडगा भरला. हाडाचा चांगला तुकडा घातला. आणि मादाम लोर्मेच्या समोरून चालत येऊन फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवला, जिथे खडू ठेवतात. तिथे बसलेल्या कुणाला दिला नाही. मग दुसरा भरून मादाम लोर्मेला दिला.

मादाम लोर्मे मोठ्या मनाची बाई. तिने वाडगा उंच धरला आणि ओरडली, "बघा रे! पहिला मला मिळाला, मां तिल्याकडून!"

कट्ट्यावरचा वाडगा गार झाला. वर साय धरली. विदलिन दोनदा बघून आली, मी डोळ्यांनी दटावलं. संध्याकाळी आईने तो झाकणाच्या डब्यात ओतला.

दोन तारखेला, पितरांच्या दिवशी, सकाळी ती डबा घेऊन निघाली. मला म्हणाली, "नळावर जाऊन येते." बादली न घेता. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी विदलिनची वेणी घालत होते.

आज चार तारीख. ती आलेली नाही.

कब्रस्तानाकडचा रस्ता बंद आहे. बाबांकडे जायचं तर एकच जागा उरते, ते जिथे गेले ते घर. मी उतार संपतो तिथवर जाऊन आले. पुढे जळक्या गाड्या आडव्या टाकल्या आहेत. तिथे पहाऱ्यावरच्या एका पोरीने विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, एक म्हातारी, हातात डबा आहे. ती म्हणाली, "गेली वरती. आम्ही अडवलं, तिने डबा उघडून दाखवला, म्हणाली नवऱ्याचं जेवण आहे."

मी नोव्हेंबरात तुला लिहिलं होतं की घराला कुलूप लावून आलोय. कुलूप लावायला दार जागेवर नव्हतं, ओदनेर. आम्ही आत असतानाच ते मोडलं होतं.

गेर्दा


१९ जानेवारी

ओदनेर,

आई जिवंत आहे. आपल्या घरात आहे. फिफी कोळसा घेऊन वर गेली होती, तिने स्वतः पाहिलं. फिफी सांगते, आई अंगण झाडून घेत होती, आणि झाडत होते बंदूकवाले.

त्यांचा म्होरक्या कोण असेल सांग. क्लेर्सिनाचा विलगेन्स. तो आता आपल्या घरात राहतो. म्हणजे राहत होता, आता आईच्या घरात भाडेकरूसारखा असतो असं फिफीला वाटलं. रविवारी त्याने आईला फोन लावून दिला. मी जसं झालं तसं लिहिते.

"गेर्दा, तू जेवलीस का?"

"आई! आई, तू ठीक आहेस?"

"मला काय होतंय. दार बसवून घेतलं. बाबांच्या खोलीत ह्यांनी मोटरसायकल ठेवली होती, ती काढायला लावली. परवा हा बंदूक घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरला. मी म्हटलं, ती बाहेर ठेव, इथे काचेची भांडी आहेत."

"आई, ती माणसं मारतात."

"मला माहीत नाही होय? फिफीचं घर ह्यांनीच जाळलं. मी रोज तोंडावर सांगते."

"आणि त्यांनाच जेवायला घालतेस?"

"भूक लागलेली असते गं." मग म्हणाली, "आणि जेवतात तेवढा वेळ हात गुंतलेले असतात त्यांचे."

मी म्हटलं, मी न्यायला येते. ती इतक्या जोरात ओरडली की मादाम लोर्मेलाही ऐकू गेलं. "अजिबात यायचं नाही! तुला वर येऊ देतील, खाली जाऊ देणार नाहीत. पोरीला तर या बाजूला फिरकू देऊ नकोस. माझं वय झालंय म्हणून मी इथे चालते. तुमचं वय झालेलं नाही."

"मग तू खाली ये. त्याला सांग, तुला सोडायला."

"खाली कुठे?"

मी दोन बाक जोडलेल्या तिच्या कॉटकडे पाहिलं.

"शाळा सुरू होणार ना? मला कुठे नेणार होतीस? सांग की. जागा सांग, येते."

ओदनेर, तिला कुठली जागा सांगायची? तुला सुचतं का काही? तू नेहमी म्हणायचास गेर्दा बोलण्यात हरत नाही.

गेर्दा


९ मार्च

ओदनेर,

शाळा सोडली. आम्ही आता एका बंद पडलेल्या कचेरीच्या आवारात आहोत, ताडपत्रीखाली. एका बाजूने दोरी आंब्याच्या झाडाला बांधलीये, दुसऱ्या बाजूने मोडक्या ट्रकला. विदलिन म्हणते आपण बंगल्यात राहतो, आंबा आणि गाडी दोन्ही दारात. मादाम लोर्मे शेजारीच आहे. ती आणि मी मिळून मक्याची लापशी करून विकतो. तीत शेवया घालत नाही म्हणून ती रोज कुरकुरते.

सिस्टर आनिएसने फादरांच्या फोनवर निरोप पाठवला. ती तुझ्या पत्त्यावर जाऊन आली. तिथे दुसरंच हैतीचं कुटुंब राहतं. ते म्हणाले, ओदनेर गेल्या वर्षी काही लोकांबरोबर उत्तरेला, अमेरिकेकडे निघाला, जंगलातून, चालत. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. माझी पत्रं त्यांनी फोडली नाहीत. खिडकीत ठेवली आहेत म्हणे, एकावर एक.

म्हणजे तू हे वाचत नाहीयेस. आधीचीही वाचली नाहीस. आई शाळेत जाते हेसुद्धा तुला माहीत नाही.

तरी लिहिते. सवय लागली, आणि दिवसभर जे घडतं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. विदलिनसमोर मला फार हसावं लागतं.

आईला नाही सांगितलं. दर रविवारी तिचा फोन येतो. फिफीने तिला सांगून टाकलं होतं की मी तुला लिहिते. दोन रविवारांपूर्वी ती एकदम म्हणाली,

"उत्तर येतं का त्याचं?"

"येतं," मी म्हटलं.

"काय म्हणतो?"

"कामाला आहे. फरशा बसवतो."

"बापाचंच काम. सरळ बसवतो ना?"

"सरळ बसवतो."

मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"जाड झालाय?"

"थोडा."

"तिकडे मांस मिळत असेल," ती म्हणाली. "त्याला म्हणावं..." आणि मग तिकडून विलगेन्सचा आवाज आला, मां तिल्या, बॅटरी संपतेय. फोन बंद झाला.

मागच्या रविवारी मी विचारलं, आई, ओदनेरला काय म्हणावं? ती म्हणाली, "मी असं कधी म्हटलं?"

रात्रंदिवस आता वर आकाशात काहीतरी घोंघावत असतं. ड्रोन म्हणतात त्याला. सरकारी माणसं त्याने बंदूकवाल्यांना शोधून वरून बॉम्ब टाकतात म्हणे. इथले लोक टाळ्या वाजवतात. ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्यांनी का वाजवू नयेत? मी मात्र तो आवाज आला की मोजत बसते, आपल्या डोंगराच्या बाजूला जातोय की दुसऱ्या.

गेर्दा


१४ एप्रिल

ओदनेर,

आई गेली.

फिफी सांगत आली. दुपारची वेळ होती, ती सगळी अंगणात जेवायला बसली होती. आई वाढत होती. वरून पडलं. विलगेन्स गेला, त्याच्याबरोबरची पोरं गेली. फिफी खालच्या वळणावर होती. तिने कोळशाची टोपली टाकली आणि वर धावली, आणि मग तिथून परत फिरली. काय पाहिलं ते तिने मला सांगितलं नाही. नुसती माझा हात धरून बसली. तिचं घर ज्यांनी जाळलं त्यांच्यासाठी ती रडत नव्हती हे मला कळत होतं, आणि तरी ती कुणाकुणासाठी रडतेय हे मला नीट कळलं नाही.

रेडिओवर संध्याकाळी सांगितलं की आपल्या वस्तीत टोळीवाले ठार झाले. म्हातारीचं काही नाव नाही. म्हणजे तीही त्यांच्यातच मोजली. इथे आवारात लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मादाम लोर्मे उठून उभी राहिली आणि अशी काही बोलली त्यांना, की आईलाही जमलं नसतं. मग माझ्याकडे येऊन माझं डोकं मांडीवर घेतलं. मी रडले नाही. मला सारखं वाटत होतं लापशी करपतेय.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. विदलिनला मादाम लोर्मेकडे ठेवलं. जळक्या गाड्यांपर्यंत गेले. त्या दिवशी तिथे दुसरीच माणसं होती, मोठी, तोंडं झाकलेली. मी म्हटलं, मला आईला पुरायचंय. एक जण म्हणाला, "मावशी, कोणाची आई? इथे खूप जणांच्या आया आहेत." चिडून नाही बोलला. दुसऱ्याने बंदुकीने रस्ता दाखवला, खालचा. मी म्हटलं, नुसती माती टाकून येते. तो म्हणाला, "तुला मुलं आहेत?" मी म्हटलं, एक मुलगी. "मग जा तिच्याकडे."

तिथून आपलं घर दिसतं, तुला माहीत आहे. बाबांनी जिन्याला निळा रंग दिला होता तो दिसला. जिन्याच्या वर काही नव्हतं.

मी परत आले.

बाबांना माती द्यायला तू आला नाहीस म्हणून आईने तुला टाकलं. तू समुद्रापार होतास. मी एवढ्या जवळ होते की जिन्याचा रंग ओळखला, आणि मीही वर गेले नाही. तिने मला काय म्हटलं असतं, याचा मी रोज विचार करते. मला वाटतं काही म्हटलं नसतं. जेवलीस का, विचारलं असतं. आणि मग तुझ्यावर तिने जो राग धरला त्याचं काय करायचं? तो चुकला होता, की माझ्या वेळी तो धरायला ती उरली नाही एवढंच? तू समोर असतास तर आपण दोघं मिळून यावर भांडलो असतो.

फादरांनी प्रार्थना म्हटली. शव नाही, कबर नाही, फुलं विदलिनने पिशव्यांच्या कागदाची केली. आईचं वय विचारलं तर विदलिन म्हणाली, "तिसरीत होती," आणि तोंड दाबून हसायला लागली, आणि मग ते हसणं थांबेचना. शेवटी मादाम लोर्मेने तिला उचलून बाहेर नेलं. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. तिची वेणी घालताना मीच बोलत असते, काहीबाही, ट्रकविषयी, आंब्याविषयी. ती हो म्हणते.

हे आवारही सोडायचं आहे. कुणाचं तरी आहे, त्यांना परत हवंय. मादाम लोर्मे होडीने दक्षिणेला दुसऱ्या भावाकडे चालली आहे. म्हणाली, चला दोघी. पण भावाच्या एका खोलीत आधीच सगळं गाव भरलंय, आणि मध्ये समुद्रातही आता होड्या अडवतात. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तिने आईचा टोप मागितला, आठवण म्हणून. मी दिला. त्यात करायला आमच्याकडे काही नाही, आणि तो डोक्यावर घेऊन हिंडायची ताकद माझ्यात नाही.

पाकिटावर तुझा जुनाच पत्ता घातला आहे. ती माणसं हेही खिडकीत ठेवतील. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याने आपला पत्ता लिहायचा असतो. पोस्टातला माणूस म्हणाला, बाई, तेवढं लिहा, कुणी मिळालं नाही तर परत कुठे पाठवायचं? मी पेन घेऊन बराच वेळ काउंटरवर उभी राहिले. मागे रांग लागली होती. मग मी नुसतं नाव लिहिलं.

गेर्दा